कैचीचं माप

माझ्या नातीला, मोनालीला, डाकसेवकाची नोकरी लागली. तिच्या फॉर्मवर एक ओळ होती : सायकल चालवता येते का? तिने ‘होय’ लिहिलं होतं. मी अक्षरं उशिरा शिकलो, म्हणून कागद बोट ठेवून वाचतो. त्या ओळीवर माझं बोट थांबलं.

“हे लिहिलं तू?”

“मंग? येत नाई का मले?”

“येते. पण कशी येते?”

“कशी थे त्याहीनं विचारलंच नाई,” ती म्हणाली.

मोनाली कैची मारते. लहान पोरं मोठ्यांच्या सायकलवर शिकतात तशी. सीटपर्यंत ढेंग जात नाही, म्हणून दांडीखालच्या तिकोनातून उजवा पाय पलीकडे घालायचा, एक हात हँडलवर, दुसरा सीटवरून टाकून सीट बगलेत दाबायची, आणि सायकलच्या डाव्या अंगाला लटकत पायडल मारायचं. पोरं उंच झाली की कैची सोडतात आणि सीटवर बसतात. मोनाली बसली नाही. सात वर्षांची असताना ती बैलबंडीवरून पडली, डाव्या मांडीचं हाड मोडलं. ते जुळलं, पण आखूड जुळलं. दीड इंच कमी. जांघही थोडी ताठ राहिली. सीटवर बसली की डावं पायडल खाली जाताना तिच्या पायातून सुटून जातं. कैचीत मात्र ते कधी सुटलं नाही. का सुटलं नाही, हे घरात कोणाला माहीत नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं.

आमचं गाव तालुक्याच्या देवळीपासून सात किलोमीटर. गावातल्या डाकघराची एक खोली आहे. देवळीहून थैली आणायची, शिक्के मारायचे, आणि मग गावात आणि आणखी दोन गावांत बटवडा करायचा. दुसऱ्या गावाला पांदण रस्त्याने जावं लागतं, दोन्हीकडे वावरं आणि मधून काळ्या मातीची बंडीवाट. ओल असली की तिथे मोटरसायकलही रुतते आणि स्कूटीही. सायकल खांद्यावर घेता येते. शिवाय मोटरसायकलचा गिअर डाव्या पायाला. म्हणजे मोनालीला सायकलच.

तिचा मोठा भाऊ अंकित चांगला पोरगा आहे. बहिणीवर त्याचा जीव. तो म्हणाला, “तू खोलीत बसून ठप्पे मार. थैली अन् बटवडा मी करतो गाडीवर. अर्ध्या घंट्यात तिन्ही गावं.”

“नोकरी मले लागली का तुले?”

“अवं, तुह्या पायासाठी म्हणून राह्यलो.”

“माह्या पायानं तुले अर्जी केली का?”

अंकित हसला, पण मोनाली हसली नाही. नंतर मला एकट्याला गाठून म्हणाली, “आबाजी, आपल्या गावात सरपंच बाई आहे. तिले सरपंच कोण म्हणते? तिच्या नवऱ्याले म्हणते लोक सरपंच. मले तसं नाई व्हायचं. थैली मीच नेईन.”

गोष्ट एवढीच होती. थैली तिच्या हाताने जायची की भावाच्या.

सीटवर बसून चालवता येईल अशी सायकल हवी होती, कारण बावीस वर्षांची सरकारी बाई कैची मारत गावोगाव जाते हे मला बरं दिसेना. मोनालीने आधीच ठरवून ठेवलं होतं. देवळीत बसथांब्यामागे पुंडलिकरावांचं सायकलचं दुकान आहे. ते दुरुस्ती करतात आणि माणूस पाहून सायकल बनवूनही देतात. एका हाताच्या माणसाला त्यांनी दोन्ही ब्रेक एका मुठीत बसवून दिले आहेत. दूधवाल्याला असा कॅरिअर दिला आहे की चार कॅन भरले तरी पुढचं चाक उचलत नाही.

“त्याहीच्याकडून बनवून घेऊ, आबाजी.”

“नाई,” मी म्हणालो. “कंपनीची घेऊ. नवी. शोरूममधून.”

माझं हे बोलणं उगाच नव्हतं. माझ्या बापाला मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, घरून उतरलेले कपडे मिळत. कोट, बंड्या, धोतरं. आई ते कापून आम्हांला घालायची. त्यांच्या मापाचं आधी, आमच्या मापाचं नंतर. छप्पन साली बाप नागपूरला गेला, दीक्षा घेऊन आला आणि आल्या दिवशी त्याने कपड्यांचं गाठोडं परत नेऊन दिलं. म्हणाला, आता ह्या घरात उतरलेलं येणार नाही. मी चार वर्षांचा होतो. त्या हिवाळ्यात मला सदरा नव्हता. पण पुढच्या सणाला बापाने मला देवळीला नेलं, मांजरपाट घेतलं, आणि शिंप्याने माझ्या अंगाला टेप लावली. ती टेप थंड होती एवढं मला अजून आठवतं. ही गोष्ट मी घरात इतक्यांदा सांगितली आहे की नातवंडं तोंडपाठ म्हणून दाखवतात.

पुढे मी कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली केली आणि एकोणऐंशी साली स्वतःच्या कमाईची नवी काळी सायकल घेतली. दुकानातली, कागद गुंडाळलेली. बायकोला, अन्नपूर्णाला, कॅरिअरवर बसवून एकदा दीक्षाभूमीला नेलं होतं तिच्यावर. ती सायकल अजून अंगणात उभी आहे. मोनाली कैची शिकली तीही हिच्यावरच. तर नातीसाठी कोणी पाइप कापून, जोडून, ठोकून काहीतरी बनवावं, हे माझ्या गळी उतरेना. जोडाजोडीचं आमच्या वाट्याला पुष्कळ आलं होतं.

आम्ही वर्ध्याला गेलो. दुकान काचेचं होतं. मोनालीसमोर पोऱ्याने एक आकाशी रंगाची लेडीज सायकल ठेवली. पुढे टोपली, चेनवर फुलांचं कव्हर, दांडी नाही, सगळ्या अंगावर प्लास्टिक. मोनालीने ती गल्लीत एक चक्कर चालवली. परत आली तेव्हा तिच्या ओठावर घाम होता.

“कशी आहे?”

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. “चांगली आहे, आबाजी.”

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी त्या प्लास्टिककडे पाहत होतो. घरी आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं, प्लास्टिक कोणी काढायचं नाही. अन्नपूर्णा म्हणाली, “सायकल आणली का नवरी आणली? हळद तेवढी राह्यली लावाची.”

पहिले दोन दिवस कसेबसे गेले. सीट अगदी खाली केली तेव्हा डावा पाय पायडलला पोचला, पण मग उजवा गुडघा हँडलला लागायला लागला. सीट वर केली की डावं पायडल सुटे, आणि ती दर फेरीला कंबर डावीकडे टाकून त्याला गाठायची. मागे थैली, पुढे टोपलीत रजिस्टर. तिसऱ्या दिवशी पांदणीत कंबर टाकली आणि थैलीचा भार तिकडेच गेला. सायकल आडवी, मोनाली आडवी, टपाल चिखलात. तिने एक एक पाकीट ओढणीने पुसलं आणि बटवडा पुरा केला, पायी. घरी आली तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि डाव्या कोपराची साल निघाली होती.

दुसऱ्या दिवशी थैली अंकितने नेली. त्याच्या पुढच्याही दिवशी. मग शेजारच्या मंदाबाईने दारातून हाक मारली, “अंकित पोस्टमन आहे का घरी? माही पेन्शनची पावती पायजे होती.”

मोनाली आत भाकर थापत होती. तिचा हात थांबला.

त्याच आठवड्यात देवळीच्या साहेबांना कोणीतरी सांगितलं. त्यांनी मोनालीला बोलावलं. ओरडले नाहीत. म्हणाले, “बाई, थैली ज्याच्या नावावर त्यानंच न्यावी लागते. पुढच्या सोमवारी मी तुमच्यासोबत बटवड्याला येतो. जमत असेल तर जमते म्हणून लिहीन. नसेल जमत, तर तसं लिहावं लागेल.”

त्या दिवशी जेवताना मी म्हणालो, “कंपनीची सायकल आहे. सवय होईल हळूहळू.”

अन्नपूर्णाने पातेलं खाली ठेवलं. “तुमच्या त्या सदऱ्याची गोष्ट सांगा बरं पुन्हा.”

“आता काऊन?”

“सांगा न. तुमच्या बापानं सदरा कुठून आणलता? शोरूममधून?”

“शिंप्याकडून.”

“टेप लावली होती का नाई तुमच्या आंगाले?”

मी भाकरीचा तुकडा मोडला.

“लहानपणापासून ऐकवून राह्यले सगळ्याहीले, टेप थंडी होती, टेप थंडी होती,” ती म्हणाली. “अन् नातीले मात्र बिनामापाचं. अंकित, वाढ रे यांले भात. तोंड बंद करून जेवतील.”

अंकितने मुकाट्याने भात वाढला. मोनाली ताटात पाहून हसू दाबत होती.

सकाळी मी आणि मोनाली देवळीला निघालो. ती आकाशी सायकल हातात धरून ढकलत होती, मी माझी काळी. पुंडलिकराव साठीचे, लुकडे, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. मी त्यांना सगळं सांगायला लागलो, हाड, दीड इंच, पांदण, सोमवार. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“रामाजी, तुम्ही बसा. पोरी, तू चालवून दाखव.”

मोनालीने आकाशी सायकल पुढे घेतली.

“ही नाई. जी चांगली येते थे.”

मोनाली लाजली. “काका, मी कैची मारतो.”

“मंग मार.”

भर देवळीत, बसची वाट पाहणाऱ्या लोकांसमोर, तिने माझ्या काळ्या सायकलच्या तिकोनात पाय घातला आणि मैदानात चक्कर मारली. थांब्यावरचे दोघे हसले. पुंडलिकरावांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ते उकिडवे बसले होते आणि त्यांची नजर चाकावर होती. “पुन्हा,” म्हणाले. तिने पुन्हा मारली. “आता भिंतीजवळून, हळू.” अशा अकरा चकरा झाल्या. बाराव्या चकरेला ते ओरडले, “थांब! हात टेकव भिंतीले. सायकल जशी आहे तशीच ठेव, सरळ करू नको.”

मग ते उठले आणि आतून गवंड्याचा ओळंबा घेऊन आले. माप घ्यायला टेप येईल असं मला वाटलं होतं. त्यांनी दांडीवरून दोरा सोडला. दोऱ्याचं वजन खाली स्थिर होईपर्यंत वाट पाहिली. मला म्हणाले, “इकडे या. हे पाहा.”

दोरा सरळ होता. सायकल सरळ नव्हती. ती उजवीकडे कलली होती, चांगली कलली होती, आणि मोनाली डावीकडे.

“कैचीत सगळेच सायकल कलवते,” ते म्हणाले. “पण एवढी कोणी नाई कलवत. आता डावं पायडल पाहा, खाली आलं तरी किती उंच आहे.” त्यांनी जमिनीपासून पायडलपर्यंत लाकडी पट्टी लावली, खडूने खूण केली. मग मोनालीला उतरवून सायकल सरळ उभी केली आणि दुसरी खूण केली. दोन खुणांमधलं अंतर मोजलं.

“दीड इंच,” मी म्हणालो.

“बराबर दीड. दवाखान्यातल्या माणसानं टेपनं मोजलं अशीन. हिनं सायकल वाकवून मोजलं. किती वर्षांची होती?”

“नऊ,” मोनाली म्हणाली.

“नऊ वर्षांच्या पोट्टीनं,” पुंडलिकराव म्हणाले आणि बराच वेळ मान हलवत राहिले. “आता मले एवढंच करायचं आहे का सायकल सरळ राहील अन् पायडल वर येईल.”

ते कसं करणार हे त्यांनी जमिनीवर खडूने काढून दाखवलं. दीड इंचातली अर्धी उणीव डाव्या पायडलच्या दांड्यात भरायची, तो आखूड करून. उरलेली अर्धी लाकडाच्या ठोकळ्यात, पायडलवर बसवून. मी विचारलं, सगळी एकाच ठिकाणी का नाही? म्हणाले, “सगळी दांड्यातून कापली तर जोर जाते, थैली कोण ओढीन? सगळी ठोकळ्यात घातली तर पायडल वर येताना हिची जांघ अडते, तिथं ताठ आहे ती. दोन्हीत वाटून घ्या लागते.” तिची जांघ ताठ आहे हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. बारा चकरांत त्यांनी पाहून घेतलं होतं.

“सोमवारच्या आत होईल?”

“होईल. सांगाडाही हिच्या मापाचा करा लागीन, त्याले पाइप मात्र चांगला पायजे. आजकालचा पाइप पातळ येते, कापला का दुमडते.” त्यांनी माझ्या काळ्या सायकलच्या दांडीवर नखाने टिचकी मारली. घंटेसारखा आवाज आला. “हिचा द्या.”

मला आधी कळलंच नाही. “माझी सायकल कापणार?”

“दांडी खाली घ्या लागीन, चार बोटं, म्हणजे हिचा पाय वरून जाईन. काढायची नाई. पांदणीत खांद्यावर घ्याले दांडी पायजे. अन् हिच्या आंगाले दांडीची सवय आहे.”

“पुंडलिकराव, दुसरा पाइप आणा कुठूनही. माझ्या घरात उतरलेलं कोणी वापरत नाही. माझंही नाही. नातीला मी माझी जुनी सायकल कापून देऊ? बापाला काय तोंड दाखवू?”

पुंडलिकरावांनी वाद घातला नाही. त्यांनी फडक्याला रॉकेल लावलं आणि दांडीवरची धूळ पुसायला घेतली. पुसून झाल्यावर सायकल उन्हात फिरवली.

“ही सायकल तुम्ही किती वर्षं चालवली?”

“तीस, पस्तीस.”

“सीटवर बसून?”

“मग काय!”

“मंग दांडीचा हा रंग कोणी काढला?”

मी वाकून पाहिलं. दांडीच्या डाव्या अंगाला, मधोमध, वीतभर जागेचा काळा रंग गेला होता आणि लोखंड चांदीसारखं घासून गुळगुळीत झालं होतं. सीटवर बसणाऱ्याची मांडी तिथे लागत नाही. सीटच्या कातड्याची डावी कडही तशीच, बगलेत दाबून दाबून मऊ झालेली. मी रोज ती सायकल पुसत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं. तेरा वर्षं ती पोरगी त्या दांडीला अंग लावून शाळेत गेली, वावरात डबा घेऊन गेली, दळण घेऊन गेली. मी त्या सायकलला माझी म्हणत होतो. आणि मला गुडघ्यामुळे दांडीवरून पाय टाकणं बंद होऊन पाच वर्षं झाली होती.

पुंडलिकरावांनी चहा सांगितला.

चहा झाल्यावर मी म्हणालो, “आरी द्या इकडे. पहिला काप मी मारतो.”

“बाप्पा! राहू द्या, रामाजी. वाकडा काप माराल अन् नाव माहं खराब होईन. तुम्ही फक्त धरून बसा.”

मी धरून बसलो.

तीन दिवस मी रोज देवळीला गेलो. काम काही नव्हतं, पाहायला जात होतो. पुंडलिकराव कापायच्या आधी इतका वेळ पाहत की वाटे झोप लागली की काय. मग काप एकदाच. जोडाला पितळ वितळवून भरलं, कानशीने घासलं, आणि डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला. जिथे अंगठा अडला तिथे पुन्हा घासलं. ठोकळा बाभळीचा केला. मोनालीची चप्पल मागून घेतली आणि तिचा तळवा जिथे झिजला होता तिथे लाकडाला तेवढाच खोलगटपणा दिला. घासून गेलेल्या रंगाची ती वीतभर जागा मात्र त्यांनी रंगवली नाही. मी विचारलं तर म्हणाले, “ते हिचं काम आहे. त्याच्यावर मी कायले हात लावू?”

शनिवारी मोनाली पहिल्यांदा तिच्यावर बसली. सीटवर, ताठ. मैदानात एक चक्कर मारली. डावं पायडल खाली गेलं, पाय त्याच्यासोबत खाली गेला. वर आलं, पाय वर आला. दुसऱ्या चकरेला तिने सायकल सवयीने उजवीकडे कलवली आणि स्वतःच हसली. तिसऱ्या चकरेला ती थांबलीच नाही, सरळ रस्त्याला लागली. आम्ही दोघे म्हातारे पाहत राहिलो.

“येईन का परत?” पुंडलिकरावांनी विचारलं.

“संध्याकाळपर्यंत,” मी म्हणालो.

सोमवारी साहेब मोटरसायकलवर आले. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. आमच्या गावचा बटवडा झाला, मग पांदण लागली. मी आणि अंकित पांदणीच्या तोंडाशी उभे होतो. साहेबांची गाडी शंभर पावलांत मडगार्डपर्यंत रुतली. मोनाली पुढे होती. तिने मागे वळून पाहिलं, सायकलवरून उतरली, थैली पाठीला बांधली, दांडीखाली खांदा घातला आणि सायकल उचलली. आपल्या चालीने, थोडी डुलत, ती चिखल ओलांडून गेली, पलीकडे कोरड्यावर सायकल ठेवली आणि बसून निघून गेली.

अंकित साहेबांची गाडी ढकलायला धावला. साहेब बुटातला चिखल काढत बोरीखाली बसले. पाऊण घंट्याने मोनाली परत आली, रिकामी थैली घेऊन. साहेबांनी रजिस्टर पाहिलं. सगळ्या सह्या, दोन अंगठे.

“मला येता आलं नाही तिथवर,” साहेब म्हणाले. “पण लिहायला अडचण नाही.” त्यांनी तिथेच, मांडीवर कागद ठेवून लिहिलं. मग सायकलकडे पाहत म्हणाले, “कोणत्या कंपनीची आहे?”

“पुंडलिकरावची,” मोनाली म्हणाली.

मंदाबाई आता दारातून हाक मारते ती मोनालीला. अंकितने सुरुवातीला दोनचारदा गंमत केली, “पोस्टमनबाई, माही काही चिठ्ठी?” मोनाली म्हणाली, “तुले कोण लिहीन रे?” तेव्हापासून तो गप्प आहे.

आकाशी सायकल अंगणात उभी होती. गुडघ्यामुळे काळी सुटल्यापासून मला देवळीला जायला काही नव्हतं. एक दिवस अन्नपूर्णा म्हणाली, “घेऊन पाहा न हिले. दांडी नाई, पाय टाकाची कटकट नाई.”

मी बसून पाहिलं. सीट मधल्या भोकावर होती. दोन्ही पाय दोन्ही पायडलला बरोबर पोचले, गुडघा कुठे अडला नाही. काहीच बदलावं लागलं नाही. आता दर मंगळवारी मी तिच्यावर देवळीच्या बाजाराला जातो. टोपलीत वांगी, मेथी बसते. थांब्यावरची पोरं ओरडतात, “आबाजी, लेडीज सायकल!”

“शोरूमची आहे,” मी सांगतो. “प्लास्टिक पाहा, अजून काढलं नाही.”